हौशी खेळाडू, भावनिक बुद्धिमत्ता आणि भाषांतरित प्रश्नावली

न्यूयॉर्कच्या बंदरातील एलिस बेटावर १९१३ मध्ये हेन्री गोडार्ड या मानसशास्त्रज्ञाने, युरोपातून नुकत्याच उतरलेल्या स्थलांतरितांची बुद्धी मोजण्याचा उपक्रम हाती घेतला. त्यासाठी वापरलेली कसोटी मूळची फ्रेंच होती. शाळेत मागे पडणाऱ्या मुलांची पारख करण्यासाठी आल्फ्रेद बिने आणि तेओदोर सिमों यांनी ती १९०५ मध्ये पॅरिस येथे रचली होती, आणि गोडार्डनेच १९०८ मध्ये तिचे इंग्रजी रूपांतर प्रसिद्ध केले होते. बेटावर मात्र हे इंग्रजी प्रश्न दुभाष्याच्या तोंडून निरनिराळ्या भाषांत विचारले गेले. १९१७ मध्ये निष्कर्ष बाहेर आले, तेव्हा ज्यू, हंगेरियन, इटालियन आणि रशियन अशा तपासलेल्या छोट्या निवडक गटांतील सुमारे चार पंचमांश व्यक्ती मंदबुद्धी ठरल्या होत्या. कसोटी चालू असतानाच एका दुभाष्याने अशी साक्ष दिली होती की, आपण स्वतः या देशात प्रथम आलो तेव्हा आपल्यालाही ही उत्तरे देता आली नसती. गोडार्डने ती ऐकली, नोंदवली आणि बाजूस ठेवली.

बुद्धिमापनाच्या इतिहासकारांनी हा प्रसंग वंशविषयक पूर्वग्रहाचे उदाहरण म्हणून पुष्कळ वेळा सांगितला आहे, आणि ते योग्यच आहे. तथापि भाषेच्या अभ्यासकाला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. ज्या शास्त्रात मोजण्याचे साधन वाक्यांचे बनलेले असते, तेथे भाषांतराबरोबर साधनच बदलते. तराजू एका गावातून दुसऱ्या गावी नेला तरी शेर तोच राहतो. वाक्याचे तसे होत नाही. शतकाच्या अखेरीस 'भावनिक बुद्धिमत्ता' नावाची एक नवी राशी मानसशास्त्रात आली, तिच्या प्रश्नावल्या भाषेमागून भाषेत गेल्या, आणि त्या खेळाच्या मैदानावर पोचल्या. मैदानावरील सर्व खेळाडूंत हौशी खेळाडूचे मापन हे भाषेवर सर्वांत अधिक विसंबून असते. ते कसे, हे पाहण्यासाठी थोडे मागून यावे लागते.

भाषांतराचा प्रश्न भारतात लवकर उपस्थित झाला होता. सी. एच. राइस यांनी लाहोर येथे बिने कसोटीचे हिंदुस्थानी रूप सिद्ध केले, आणि त्यानंतर धारवाडचे व्ही. व्ही. कामत यांनी टर्मनच्या १९१६ च्या स्टॅनफर्ड आवृत्तीवरून मराठी व कन्नड अशा दोन भाषांत ती कसोटी तयार केली. त्यांचा भारतीय मुलांच्या बुद्धिमापनावरील इंग्रजी ग्रंथ १९४० मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने प्रसिद्ध केला. एकाच प्रदेशातील दोन भाषांत कसोटी एकदम उतरवण्याचे हे काम मोठ्या कष्टाचे होते. स्टॅनफर्ड आवृत्तीत अमेरिकन नाणी ओळखण्याचा प्रश्न आहे, दिलेल्या शब्दाला यमक जुळवण्याचा प्रश्न आहे, शंभर शब्दांची शब्दार्थकसोटी आहे. नाणे बदलता येते. यमक मात्र भाषांतरित होत नाही. नवे शब्द घेऊन नवा प्रश्न रचावा लागतो, आणि तो प्रश्न त्याच वयाच्या मुलाला तितकाच कठीण जातो की नाही हे मुलांकडूनच तपासून घ्यावे लागते. कठिणपणाचा क्रम निदान उत्तरांच्या संख्येवरून पडताळता येतो, ही बुद्धिकसोटीची जमेची बाजू होय. उत्तर बरोबर किंवा चूक असते. भावनांच्या प्रश्नावलीत बरोबर उत्तरच नसते.

भावनांकडे वळण्यापूर्वी मानसशास्त्राने आणखी एक वाट चोखाळून पाहिली होती. एडवर्ड थॉर्नडाइकने १९२० मध्ये एका लोकप्रिय मासिकात अमूर्त, यांत्रिक व सामाजिक असे बुद्धीचे तीन प्रकार सुचवले. यांपैकी सामाजिक बुद्धी मोजण्यासाठी पुढील दशकात जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठात एक कसोटी निघाली. तिची परीक्षा करण्याचे काम १९३७ मध्ये थॉर्नडाइकच्याच मुलाने, रॉबर्ट थॉर्नडाइकने, सॉल स्टाइन यांच्यासह केले. त्या दोघांना असे आढळले की, ही कसोटी माणसांशी वागण्याचे कौशल्य म्हणून जे मोजते, त्याचा बराचसा भाग शाब्दिक क्षमतेचाच आहे. ज्याला वाचलेले नीट कळते आणि शब्दांचे बारकावे ओळखता येतात, त्याला गुण अधिक. पित्याने कल्पिलेली राशी पुत्राने तपासली आणि हाती भाषा लागली. इतिहासातील ही गमतीची जागा आहे. परंतु पुढच्या पिढीने ती जवळजवळ विसरून टाकली.

'भावनिक बुद्धिमत्ता' ही संज्ञा बार्बरा लॉयनर यांच्या १९६६ मधील एका जर्मन लेखाच्या शीर्षकात आढळते. पीटर सॅलोव्ही आणि जॉन मेयर यांनी १९९० मध्ये तिला सिद्धान्ताचे रूप दिले, आणि १९९५ मध्ये डॅनियल गोलमनच्या पुस्तकाने ती घरोघर नेली. मराठीत 'बुद्ध्यंका'च्या धर्तीवर 'भावनांक' हा शब्द रूढ झाला, तो या लाटेवरच. संज्ञेतील पहिले पद, म्हणजे 'इमोशन', इंग्रजीतही फार जुने नाही. सतराव्या शतकात त्याचा अर्थ हालचाल, खळबळ, क्वचित लोकक्षोभ असाही होई. मनोव्यापारांचा एक वर्ग या अर्थाने तो शब्द स्थिर झाला एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी. १८२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एडिंबरोच्या टॉमस ब्राउनच्या व्याख्यानांचा त्यात मोठा वाटा आहे, हे टॉमस डिक्सन यांनी २००३ मध्ये सविस्तर दाखवले. मराठीतील 'भावना' हा शब्द दुसऱ्याच वाटेने आला आहे. मीमांसकांच्या परिभाषेत भावना म्हणजे क्रियापदातून व्यक्त होणारा निर्मितीचा व्यापार. बौद्ध व योगपर ग्रंथांत ती ध्यानाभ्यासाची संज्ञा. वैद्य आजही चूर्णाला रसाची भावना देतात. इंग्रजी शब्दाच्या पोटात क्षोभ आहे, मराठी शब्दाच्या पोटात मुरणे आहे. दोन्ही शब्द आज एकमेकांसमोर कोशात ठेवले जातात, म्हणून त्यांचे वजनही सारखे झाले असे समजण्याचे कारण नाही.

खेळाच्या अभ्यासात ज्या प्रश्नावलीचा विशेष उपयोग झाला, ती निकोला शूट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केली. सॅलोव्ही-मेयर यांच्या १९९० च्या मांडणीवरून त्यांनी प्रथम ६२ विधाने लिहिली, ती ३४६ व्यक्तींना दिली आणि घटक विश्लेषणानंतर ३३ विधाने राखली. प्रत्येक विधानाला उत्तरदात्याने पूर्ण असहमतीपासून पूर्ण सहमतीपर्यंत पाच पायऱ्यांपैकी एक निवडायची. ही पायऱ्यांची पद्धत रेन्सिस लिकर्टने १९३२ मध्ये रूढ केलेली. एकूण गुण ३३ ते १६५ यांच्या दरम्यान पडतात. अंतर्गत सुसंगतीचा गुणक ०.९० आणि दोन आठवड्यांनंतरच्या पुनर्मापनाचा ०.७८, म्हणजे विश्वसनीयता चांगली. (नाट्यशास्त्रातील व्यभिचारी भावांची संख्याही तेहतीसच आहे. हा निव्वळ योगायोग असला, तरी भरतमुनींनी निर्वेद, ग्लानी, शंका, असूया असे एकेक भाव नावानिशी मोजले आणि शूट यांच्या विधानांत बहुतेक ठिकाणी केवळ 'भावना' एवढाच सर्वसमावेशक शब्द येतो, हा फरक योगायोगाचा नाही.)

तेहतीसांपैकी तीसच विधाने एका दिशेची आहेत. केवळ तीन उलट अर्थाची. विधानांचा अर्थ मनावर न घेता जो प्रत्येक ठिकाणी 'सहमत' या चौथ्या पायरीवर खूण करील, त्याला ३० विधानांचे १२० आणि उलट्या तीन विधानांचे ६, असे १२६ गुण मिळतात. मूळ अभ्यासात पुरुषांची सरासरी सुमारे १२५ आणि स्त्रियांची सुमारे १३१ होती. पाहुण्याला 'नाही' म्हणणे जेथे अशिष्ट समजले जाते, तेथे संशोधक हाही पाहुणाच असतो. पेट्राइड्स आणि फर्नहॅम यांनी २००० मध्ये या एकांगीपणावर बोट ठेवले होते.

मैदानावर ही प्रश्नावली लवकरच उतरली. झिझी, डीनर आणि हर्शहॉर्न यांनी २००३ मध्ये अमेरिकन विद्यापीठांतील बेसबॉलपटूंना ती दिली. गोलंदाजाच्या जागी असणाऱ्या चेंडूफेक्यांच्या कामगिरीशी तिच्या घटकांचा मध्यम सहसंबंध दिसला. फलंदाजीशी दिसला नाही. निष्कर्ष लहान आहे. परंतु त्याची रचना ध्यानात ठेवण्यासारखी आहे. एका बाजूस खेळाडूने स्वतःविषयी केलेले विधान, आणि दुसऱ्या बाजूस गुणफलकावरची नोंद. नोंद खेळाडूच्या भाषेवर अवलंबून नाही. विधान फुगलेले असेल, भाषांतर सदोष असेल, तर फलकाशी त्याचे जुळणार नाही, आणि शंका घ्यायला जागा राहील.

अँड्रू लेन आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये याहून मूलगामी तपासणी केली. नऊ तज्ज्ञांनी एकेक विधान वाचले, आणि त्यांना १३ विधानांत भावनानुभवाचा थेट उल्लेखच सापडला नाही. म्हणजे पंचमांशाहून नव्हे, तिसऱ्या हिश्श्याहून अधिक विधाने आशावाद, संभाषणाचे चातुर्य अशा शेजारच्या गोष्टींची होती. मग १,६८१ खेळाडूंच्या उत्तरांवर सांख्यिकी कसोटी लावली. सगळ्या ३३ विधानांची मिळून एकच राशी होते, हे नेहमीचे गृहीत टिकले नाही. सहा घटकांची मांडणी टिकली. ती १३ विधाने वगळल्यावर एका राशीच्या कल्पनेला अंशतः आधार मिळाला, पाच घटकांच्या मांडणीला अधिक. हे सारे इंग्रजी प्रश्नावलीचे, भाषांतर मध्ये येण्यापूर्वीचे. ज्या साधनाच्या मूळ प्रतीची अशी स्थिती आहे, त्याची एकूण बेरीज करून ती परभाषेतील खेळाडूच्या नावापुढे मांडणारे प्रबंध आजही लिहिले जातात.

आता हौशी खेळाडू. संध्याकाळी बॅडमिंटन खेळणारा कारकून, रविवारी पळणारी शिक्षिका, सुटीत टेकडी चढणारा गट: यांची कामगिरी कोठेही नोंदलेली नसते. त्यांच्या खेळाचे फळ म्हणजे विरंगुळा, सोबत, हलके झालेले मन. आणि तेही पुन्हा प्रश्नावलीनेच विचारले जाते. बेसबॉलच्या अभ्यासात फलक हा दुसरा साक्षीदार होता. येथे दोन्ही साक्षी एकाच तोंडच्या, एकाच भाषेतल्या, बहुधा एकाच कागदावरच्या. भावनिक बुद्धिमत्तेची विधाने आणि खेळातून मिळणाऱ्या समाधानाची विधाने यांत सहसंबंध निघाला, तर तो मनाच्या दोन गुणांमधला असू शकेल, किंवा स्वतःविषयी बरे बोलण्याच्या एकाच सवयीचा असेल. सप्रमाणतेचा सगळा भार अशा वेळी वाक्यांवर पडतो, आणि वाक्ये भाषांतरित असतील तर भाषांतरकारावर.

खुद्द 'हौशी' हा शब्दही सरळ नाही. त्याच्या मुळाशी अरबी 'हवस' आहे. मराठीत येऊन ती वासना सौम्य झाली आणि हौस बनली. इंग्रजीत धंदेवाईक नसलेला तो 'अ‍ॅमेचर' आणि मौजेसाठी खेळणारा तो 'रिक्रिएशनल', असा भेद आहे. मराठी 'हौशी' दोघांनाही सामावून घेतो. भारतीय कबड्डीची राष्ट्रीय संघटना आपल्या इंग्रजी नावात 'अ‍ॅमेचर' हे पद धारण करते आणि मराठी वृत्तपत्रे तिला हौशी महासंघ म्हणतात. तिच्या स्पर्धांत खेळणारे राष्ट्रीय दर्जाचे कसलेले खेळाडू असतात. प्रश्नावलीच्या आरंभी 'आपण हौशी खेळाडू आहात काय?' असे विचारले, तर नमुन्यात कोण येईल हे सांगता येत नाही.

भाषांतराच्या तपासणीसाठी १९७० पासून उलट भाषांतराची रीत प्रचारात आहे. रिचर्ड ब्रिस्लिन यांच्या त्या वर्षीच्या निबंधाने ती प्रतिष्ठित झाली. एकाने मूळ मजकूर परभाषेत न्यावा, दुसऱ्याने मूळ न पाहता तो परत आणावा, आणि दोन मूळभाषी पाठ ताडून पाहावेत. ब्रिस्लिन यांनीच सावध केले होते की, कुशल द्वैभाषिक वाईट भाषांतरावरूनही मूळ अर्थ ओळखून काढतो, आणि मग दोन पाठ सुरेख जुळतात. प्रबंधांच्या 'कार्यपद्धती'च्या प्रकरणात रीतीचा उल्लेख राहिला, ही सूचना गळली.

मराठीच्या बाबतीत ही सूचना किती मोलाची आहे, हे एका क्रियापदावरून दाखवता येते. आपल्या भावनांवर आपला ताबा असतो, अशा आशयाचे विधान शूट यांच्या प्रश्नावलीत आहे. रागापुरते ते मराठीत आणायचे, तर 'आवरणे' हे नेमके क्रियापद आहे. पण 'मी राग आवरत नाही' आणि 'मला राग आवरत नाही' ही दोन वेगळी वाक्ये आहेत. पहिल्यात राग न आवरणे ही कर्त्याची निवड आहे, त्यात थोडी गुर्मीही आहे. दुसऱ्यात ती असहायता आहे. खेळात चुकीचा निर्णय मिळाल्यावर पंचाशी भांडणारे दोन खेळाडू या दोन वाक्यांनी वेगळे करता येतील. उलट भाषांतरात मात्र दोन्हींचे इंग्रजी बहुधा एकच होईल, आणि तपासणी यशस्वी ठरेल.

अनुभव घेणारा चतुर्थीत ठेवणे हे दक्षिण आशियातील भाषांचे समान लक्षण आहे. कॉलिन मासिका यांनी १९७६ मध्ये भाषाक्षेत्राची चर्चा करताना त्याची नोंद घेतली, आणि वर्मा व मोहनन यांनी संपादिलेल्या १९९० च्या ग्रंथात मराठीचा स्वतंत्र विचार झाला. राग येतो, भीती वाटते, आनंद होतो, हसू फुटते. भाव येणारा, माणूस तो ज्याच्याकडे येतो तो. 'मी रागावतो', 'मी घाबरतो' हेही शुद्ध मराठीच. निवड उपलब्ध आहे, आणि इंग्रजी मूळ पाठ ती कशी करावी हे सांगत नाही.

येथे छपाईची एक क्षुल्लक अडचण येऊन मिळते. 'मी आवरतो' म्हटले की लिंग आले; स्त्रियांसाठी 'आवरते' हवे. प्रत्येक विधानात 'आवरतो/आवरते' अशी तिरकी रेघ बरी दिसत नाही. 'मला' घेतले की अडचण मिटते, कारण मग क्रियापद रागाशी जुळते. तेव्हा भाषांतरकार रेघ टाळण्यासाठी 'मला'कडे झुकण्याचा मोह फार. पण त्या सोयीबरोबर विधानातील कर्ता अनुभोक्ता बनतो. भावनांचे नियमन विचारणारी विधाने भावनांच्या आगमनाविषयीची होतात. ज्या घटकाला नियमन म्हणावे तो मराठी उत्तरांत दुबळा निघाला, तर दोष मराठी मनाला देण्यापूर्वी तिरकी रेघ आठवावी.

शब्दसंग्रहाचीही अशीच गोष्ट. 'माझ्या भावना' या शब्दांना रोजच्या मराठीत ठरावीक संगत आहे: त्या दुखावतात, अनावर होतात, त्यांची कदर केली जाते किंवा केली जात नाही. सामना हरल्यावर खेळाडूचे डोके फिरते, तोंड उतरते, जीव कासावीस होतो. यांना तो भावना म्हणत नाही. कंटाळा ही भावना आहे काय? विरंगुळ्याच्या खेळात तिचेच महत्त्व सर्वांत मोठे, कारण तो घालवण्यासाठीच बरेच जण मैदानावर येतात. उलट्या अर्थाच्या तीन विधानांत दुसऱ्यांचे न बोललेले समजणे कठीण जाते, अशा आशयाचे एक आहे. 'कठीण जाते' या विधानाशी 'असहमत' होणे, म्हणजे दोन नकार ओलांडून होकारापर्यंत पोचणे. खेळून दमलेल्या माणसाने हा हिशेब उभ्याउभ्या करावा, अशी अपेक्षा असते. १९३७ चा निष्कर्ष येथे पुन्हा भेटतो: गुण कोणाचे मोजले, भावनेच्या समजेचे की वाक्याच्या?

आंतरराष्ट्रीय कसोटी आयोगाने १९९२ पासून जी मार्गदर्शक तत्त्वे घडवली आणि २०१७ मध्ये सुधारून मांडली, त्यांच्या शीर्षकात भाषांतराबरोबर अनुकूलनाचाही शब्द आहे. स्पेनमध्ये सॅलोव्ही आणि सहकाऱ्यांच्या १९९५ मधील ४८ विधानांच्या दुसऱ्या एका प्रश्नावलीची २४ विधानांची स्पॅनिश आवृत्ती २००४ मध्ये झाली, तीही शब्दशः नव्हे, निवड करून. हाँगकाँगमध्ये वाँग आणि लॉ यांनी २००२ मध्ये १६ विधानांची स्वतःचीच प्रश्नावली रचली. धारवाडला यमकाच्या प्रश्नाने जे शिकवले असते, तेच हे होय.

मराठीत असे रचकाम करणाऱ्याला सामग्री मैदानावरच सापडेल. 'रडीचा डाव' खेळणारा, 'चिडका', 'रड्या', 'पडखाऊ', आणि उलट बाजूस 'खिलाडूवृत्तीचा' अशी नावे खेळगड्यांनी फार पूर्वीपासून ठेवली आहेत. त्यांतील 'खिलाडूवृत्ती' इंग्रजी कल्पनेच्या सावलीत वाढली असेल. 'रडी' मात्र अंगणातली आहे. या शब्दांचा एक विशेष असा की, ते कोणी स्वतःविषयी वापरत नाही. 'मी रड्या आहे' या विधानाशी पाच पायऱ्यांपैकी कोणत्या पायरीवर किती सहमत, असे विचारणे हास्यास्पद ठरेल. पण तोच प्रश्न त्याच्याबरोबर दोन वर्षे जोडीने खेळणाऱ्याला विचारला, तर तो क्षणभरही न थांबता उत्तर देईल. फलकावर नसलेला दुसरा साक्षीदार तो आहे, आणि आजवरच्या प्रश्नावल्यांनी त्याला बहुधा बोलावलेले नाही.